वजन मुलांचं, काम नगरपालिकेचं

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ फ्लरबे आणि लाव्हांती ही दोन गावं आहेत. दोन्हींची मिळून वस्ती जेमतेम काही हजार. १९९२ साली तिथल्या शाळांनी आहाराचे धडे सुरू केले. काय खावं, का खावं, हे शिक्षक नेहमीच्या अभ्यासातच मिसळून शिकवू लागले. मुलांना माहिती झाली, पण सुरुवातीच्या वर्षांत जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण वाढतच राहिलं.

यात नवल नाही. आठ वर्षांचं पोर बाजारहाट करत नाही, घरात काय शिजेल हे ठरवत नाही, आणि गावात मैदानच नसेल तर ते खेळणार कुठे?

पुढे गावच कामाला लागलं. नगरपरिषदांनी खेळाच्या नव्या सोयी उभारल्या, क्रीडाशिक्षक नेमले. दोन आहारतज्ज्ञ पगारावर आले. डॉक्टर, औषधविक्रेते, दुकानदार, क्रीडा मंडळं यांनी सगळ्या घरादारासाठी कार्यक्रम घेतले. २००४ मध्ये या गावांत ८.८ टक्के मुलं जादा वजनाची निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या जवळच्या दोन गावांत १७.८ टक्के.

निम्मं! पण जरा थांबू या. त्या दोन गावांतल्या मुलांची मोजमापं फक्त २००४ मध्येच घेतलेली होती. १९९२ मध्ये तिथे काय स्थिती होती, हेच ठाऊक नसताना सगळा फरक योजनेच्या खात्यावर मांडता येत नाही. शिवाय इतके उपाय एकदम चालले, की नेमका कोणता लागू पडला तेही सांगता येत नाही. अशा बहुतेक योजनांचं दुखणं हेच.

तरीही २००४ पासून हाच नमुना फ्रान्सच्या दहा शहरांत गेला. त्यात खाद्य कंपन्यांचाही पैसा होता, आणि मला ते खटकतं.

ॲमस्टरडॅम महापालिकेने उलटी वाट धरली. लठ्ठपणाविरोधी कार्यक्रमात सामील झालेल्या शाळांत प्यायला पाणी. फळांचा रससुद्धा नाही. रस काढताना चोथा मागे राहतो आणि साखर पेल्यात उतरते, तेव्हा हा नियम वाटतो तितका कडक नाही. शीतपेय कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर होणाऱ्या क्रीडास्पर्धांनाही पालिकेने पाठिंबा नाकारला. २०१२ मध्ये शहरातली २१ टक्के मुलं जादा वजनाची होती, २०१५ मध्ये १८.५ टक्के. इथेही श्रेय कोणाचं हा वाद आहेच. पालिकेने मात्र स्वतःला मुदत दिली ती एका पिढीची, २०३३ पर्यंतची.