रिपीटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का?

पाण्याच्या टाकीचा सेन्सर दिवाणखान्यात हबशेजारी (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणाऱ्या यंत्राशेजारी) ठेवून पेअर केला तर काही सेकंदांत जोडला जातो. मग तो गच्चीवर नेऊन बसवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये ‘ऑफलाइन’! शिव्या हब खातो, पण दोष बहुतेक वेळा मधल्या वाटेचा असतो.

झिगबी या बिनतारी पद्धतीचे सेन्सर फार हळू आवाजात बोलतात, म्हणून तर बटणाएवढ्या सेलवर महिनोन्‌महिने चालतात. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दुमजली बंगल्यात दोन स्लॅब आणि त्यांतल्या सळ्या ओलांडताना तो आवाज विरतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जाडजूड भिंतीपुढे तर एका खोलीतच दमतो. मध्ये निरोप पुढे देणारा कुणीतरी हवा, तोच रिपीटर. तो वेगळा विकत घ्यावा लागतोच असं नाही. सतत विजेवर असलेला झिगबीचा स्मार्ट प्लग सहसा हे काम करतो. सेलवरची उपकरणं करत नाहीत, कारण ती बहुतेक वेळ झोपलेली असतात.

इथेच आपल्या घरांची गंमत सुरू होते. जुन्या वायरिंगमध्ये स्विचबोर्डापर्यंत बऱ्याचदा फेजच आणलेला असतो, न्यूट्रल नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट स्विच मिळतात, पण त्यांतले बहुतेक रिपीटर होत नाहीत. तेव्हा घेण्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडून बघून घ्यावा. स्मार्ट बल्ब रिपीटर होऊ शकतो, पण झोपताना कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याच्या आधाराने बोलणारे सेन्सरही मुके. म्हणून बल्बवर भिस्त ठेवू नये.

आणि लाइट जाते तेव्हा? हब इन्व्हर्टरवर असतो, पण जिन्यातला प्लग साध्या लाइनवर. प्लग मेला की टाकीच्या सेन्सरला हबच दिसत नाही. तो नवी वाट शोधत बसतो आणि त्यात सेल खर्ची पडतो. पावसाळ्यात सेल ‘लवकर संपतात’ त्यामागे पुष्कळदा हेच असतं. मधला प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या, अर्धी कटकट तिथेच संपेल.

जोडण्याचा क्रमही पाळायला हवा. आधी हब. मग त्याच्याजवळचा प्लग, मग जिन्यातला, मग गच्चीच्या दाराजवळचा. सेलवरचे सेन्सर सगळ्यांत शेवटी, आणि जिथे बसवायचे तिथेच उभं राहून पेअर करायचे. सेन्सर जोडला जाताना आपला ‘पालक’, म्हणजे ज्याच्यामार्फत निरोप पाठवायचे ते उपकरण, निवडतो आणि काही सेन्सर पुढे त्यालाच चिकटून राहतात. टेबलावर पेअर केलेल्या सेन्सरचं घोडं इथेच पेंड खातं. जोडणी होत नसेल तर तो आधीच्या नेटवर्कची आठवण धरून बसलेला असू शकतो. ॲपमधून नाव पुसून भागत नाही. बहुतेकांचं बटण पाच-दहा सेकंद, दिवा लुकलुकेपर्यंत दाबून रीसेट करावं लागतं.

झिगबी आणि वायफाय दोघंही 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात राहतात. वायफाय 1, 6 किंवा 11 चॅनेलवर असेल, तर झिगबीला 15, 20 किंवा 25 हे मधले कोपरे त्यातल्या त्यात मोकळे सापडतात. चॅनेल पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. हब म्हणून यूएसबी डोंगल वापरत असाल तर तो थेट यूएसबी 3.0 च्या खाचेत खुपसू नका. त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात पडतो. अर्धा-एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावली की फरक लगेच कळतो.

आता कुलपाची गोष्ट. झिगबीच्या एका नेटवर्कमधली सगळी उपकरणं निरोप कुलूपबंद करायला 128 बिटांची एकच किल्ली (गुप्त संकेत) वापरतात. नव्या उपकरणाला ती हवेतूनच मिळते, आणि साध्या जोडणीत ती ज्या आवरणात गुंडाळलेली असते, ते आवरण उघडण्याची किल्ली जगजाहीर आहे: ‘झिगबीअलायन्स09’ ही अक्षरं, बस्स. त्या काही सेकंदांत शेजारी कुणी ऐकत बसला असेल तर तुमची किल्ली त्याच्याकडे. म्हणून ‘पेअरिंग चालू’ ठेवून विसरू नका, काम झालं की बंद करा. उपकरणावर इन्स्टॉल कोडचा (त्या उपकरणाच्या स्वतःच्या गुप्त कोडचा) क्यूआर असेल आणि हब तो घेत असेल तर त्यानेच जोडा, मग आवरणही त्या उपकरणापुरतं वेगळं असतं.

झेड-वेव्ह या झिगबीसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीचं दाराचं कुलूप घेतलंत, तर जोडताना एस2 ही नवी सुरक्षा निवडून डब्यावरचा पाच आकडी पिन टाका. जुन्या एस0 मध्ये किल्ली पाठवताना वापरली जाणारी तात्पुरती किल्ली म्हणजे नुसती शून्यं! शिवाय तिथे एका निरोपासाठी साधारण तिप्पट बोलाचाली होते, त्यामुळे साध्या प्लगला एस0 लावलं की सगळं नेटवर्क रेंगाळतं.

अमेरिकेतून भाच्याने आणलेला झेड-वेव्ह सेन्सर मात्र इथल्या हबला काही केल्या दिसणार नाही. तिकडची फ्रिक्वेन्सी 908 मेगाहर्ट्‌झच्या आसपास, आपली 865 च्या. त्याला झिगबीचा आणायला सांगा.