तांबडा की हिरवा?

माझा मावसभाऊ सुतारकाम करतो. त्याच्या ड्रिलच्या चार्जरवर बारीकसा दिवा आहे. चार्जिंग चालू असलं की लाल, बॅटरी भरली की हिरवा. भावाला दोन्ही वेळा तो सारखाच दिसतो. म्हणून तो बॅटरीला हात लावून बघतो: कोमट लागली तर अजून भरतेय, गार लागली तर झालं. सगळे म्हणत आले, याच्या डोळ्यांत दोष आहे. मी म्हणतो, दोष त्या दिव्यात आहे.

दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात: ढोबळमानाने लाल, हिरवा आणि निळा प्रकाश टिपणाऱ्या. त्या अनुक्रमे सुमारे 560, 530 आणि 420 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. कोणी किती प्रतिसाद दिला, याची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. लाल-हिरव्या रंगांधळेपणात पहिल्या दोन प्रकारांपैकी एक नसतो किंवा बदललेला असतो. त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आहे.

आता तो दिवा बघा. स्वस्तातल्या दुरंगी एलईडीत एकाच टोपणाखाली दोन स्फटिक असतात. लाल सुमारे 630 नॅनोमीटरचा, आणि जुन्या धाटणीचा हिरवा, खरं तर पोपटी, 570 चा. निळा प्रकाश टिपणाऱ्या पेशी या दोन्हींना जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत. उरलेल्या दोनांतला एक प्रकार नसेल, तर मेंदूने तुलना कशाशी करायची? फरक उरतो तो फक्त उजेडाच्या कमी-जास्तपणाचा. त्यात दोन्ही रंग एकाच जागी, त्यामुळे जागेवरून ओळखायचीही सोय नाही.

रस्त्यावरच्या सिग्नलला ती सोय आहे: लाल वर, हिरवा खाली. शिवाय त्यातला हिरवा मुद्दाम निळसर, 500 नॅनोमीटरच्या आसपासचा ठेवतात. कॅनडात क्वेबेकमध्ये तर आकारही वेगळे दिसतात, लाल चौकोनी, पिवळा शंकरपाळ्यासारखा, हिरवा गोल.

उपकरणांतही हे सहज जमतं. चार्जिंग चालू असताना दिवा लुकलुकवा, भरल्यावर स्थिर ठेवा. मग रंग दिसायचीही गरज नाही. बऱ्याच चार्जरमध्ये चिप असतेच, तिच्या प्रोग्रॅममध्ये दोन-चार ओळी वाढतील. रंगच हवा असेल तर हिरव्याऐवजी निळा घ्या. लालही गडद नको, नारिंगीकडे झुकणारा हवा, कारण लाल टिपणाऱ्या पेशीच ज्यांना नसतात त्यांना गडद लाल दिवा विझल्यासारखा वाटतो. धोक्याच्या दिव्याचं असं होणं मला फार गंभीर वाटतं.

गेल्या महिन्यात भावाचा चार्जर उघडून मी दुरंगी एलईडी काढली आणि लाल-निळी बसवली. लालला साधारण 2 व्होल्ट लागतात, निळ्याला 3, म्हणून एक रेझिस्टर बदलावा लागला. परवा कामावर गेलो, तर भाऊ खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळी तासत होता. त्याने नुसती मान वळवली आणि पोऱ्याला म्हणाला, "भरली रे, आण इकडं."