कोकणातील जमावबंदी आणि निषेधाचा हक्क

जमावबंदी म्हणजे ठरावीक क्षेत्रात पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र येण्यावर, सभा घेण्यावर किंवा मोर्चा काढण्यावर प्रशासनाने घातलेली तात्पुरती मनाई. शहरांत ती सहसा दंगलीच्या भीतीने लागू होते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र तिचा संबंध वारंवार जमिनीच्या मोजणीशी, सर्वेक्षणाशी आणि प्रकल्पांच्या कामाशी आलेला आहे. सर्वेक्षणाची गाडी गावात येते त्याच्या आदल्या दिवशी पोलिसांच्या गाड्या येतात, हा अनुभव कोकणातल्या कितीतरी गावांच्या ओळखीचा आहे.

या मनाईला दोन कायद्यांचा आधार असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७. कलम ३७ ची व्याप्ती वाचण्यासारखी आहे. शस्त्रे, सोटे आणि दगड बाळगण्याबरोबरच प्रतिमांचे प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये आणि चिथावणीखोर भाषणे यांवरही त्याखाली बंदी घालता येते. जिथे शेतकरी कमरेच्या आकडीला कोयती अडकवूनच घराबाहेर पडतो, तिथे असा आदेश कोणालाही आरोपी करू शकतो. या कलमाखालचा जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, पण मुदत संपताच नवा काढता येतो.

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषणाचे आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, मात्र ते वाजवी आहेत हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील निर्बंधांविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले की, मत मांडण्याचा किंवा लोकशाही हक्क बजावण्याचा रास्त प्रयत्न दडपण्यासाठी कलम १४४ वापरता येणार नाही, आदेशात कारणे द्यावी लागतील आणि तो प्रसिद्ध करावा लागेल.

खरी अडचण कार्यालयाच्या रचनेतच आहे. जमीन संपादनाचे काम बहुतेक वेळा ज्या प्रांताधिकाऱ्याकडे असते, तोच उपविभागीय दंडाधिकारीही असतो. हरकतीची सुनावणी घेणारा आणि हरकतदारांच्या सभेवर बंदी घालणारा माणूस एकच. तहसीलदारही कार्यकारी दंडाधिकारी असतो, त्यामुळे प्रतिबंधक कारवाईत चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून द्यायला गावकऱ्याला त्याच्याच दारात उभे राहावे लागते. जो अधिकारी प्रकल्प वेळेत पुढे नेण्यास बांधील आहे, त्याच्याकडे विरोधाची तटस्थ तपासणी सोपवणे हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष मानायला हवा.

ही घडण ब्रिटिश काळातली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ गावकरी हुतात्मे झाले. आगरी, कोळी, कातकरी, न्हावी अशा वेगवेगळ्या समाजांतली ही माणसे होती. मामलेदार जोशी हेही त्याच गोळीबारात मारले गेले. पुढे १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्यानंतरच्या महिन्यात महाडच्या कचेरीवरील मोर्चावरही गोळ्या चालल्या. तलवाड्याला ऑक्टोबर १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारली आदिवासींवर गोळीबार झाला.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण गोळीबार थांबले नाहीत. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोटे येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. जे मागणे बंदुकीने थोपवले गेले, तेच पुढे शासनाचे धोरण झाले.

गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचे प्रकरण सर्वांत तपशीलवार नोंदले गेले आहे. एन्रॉन कंपनीच्या या प्रकल्पाविरुद्ध १९९७ च्या पहिल्या सहामाहीत वेलदूर, रानवी, अंजनवेल या गावांतून मोर्चे निघत होते. परिसरात मनाई आदेश लागू होते आणि ते मोडल्याबद्दल शेकडो लोकांना अटक झाली. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. घराघरांत बायका होत्या. त्यांना दारे तोडून बाहेर ओढले गेले, लाठ्यांनी मारले गेले आणि गाड्यांत कोंबले गेले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केले. प्रकल्पस्थळी तैनात पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती, हे दुसऱ्या अहवालाने पुढे आणले. पोलिसांचा पगार वादातल्या एका पक्षाच्या पैशातून निघत असेल, तर कायदा सुव्यवस्था कोणासाठी राखली जात आहे हा प्रश्न गावाने विचारणे अगदी योग्य होते.

राजापूर तालुक्यात हीच रीत दोनदा दिसली. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला विरोध करणारे माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांना डिसेंबर २०१० मध्ये अटक झाली. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे या मच्छीमार गावात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर बारा वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा परिसरात जमावबंदी लागली. रखरखत्या उन्हात तापलेल्या कातळावर बायका पोलिसांच्या गाड्यांसमोर आडव्या झाल्या, अनेकांना ताब्यात घेतले गेले आणि २८ एप्रिलला अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. तिथून जवळच नाणार परिसरात ठरलेला हाच प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे मार्च २०१९ मध्ये सरकारला रद्द करावा लागला होता. म्हणजे विरोध ऐकून घेणे सरकारला जमत नाही असे नाही.

त्याचे आणखी ठळक उदाहरण पेण तालुक्यात आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनावर २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत प्रशासनाने मतपत्रिकेवर घेतले. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते या लढ्यात होते. लाठीला हात न लावता विरोध मोजता येतो हे त्या दिवशी दिसले. ही पद्धत नंतर रुळली नाही, हे कोकणचे नुकसान आहे.

गोळीबाराच्या बातम्या होतात. त्याहून जास्त माणसे कागदांनी थकतात. आंदोलनाच्या आधी घरी नोटीस येते, की गैरकृत्य झाल्यास आपणास जबाबदार धरले जाईल. मग प्रतिबंधक अटक, चॅप्टर केस म्हणजे बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई, कधी तडीपारीचा प्रस्ताव. आंदोलनानंतर आदेशभंगाचे, बेकायदा जमावाचे आणि सरकारी कामात अडथळ्याचे गुन्हे दाखल होतात. एका गुन्ह्यात नावे वीसेक असतात आणि पुढे ‘व इतर’ असे लिहिलेले असते. त्या दोन शब्दांत उद्या कोणाचेही नाव बसवता येते, म्हणून गावातले नवखे लोक पुढच्या सभेला कचरतात. तारखेला जायचे तर मच्छीमाराची भरती-ओहोटीची वेळ चुकते आणि मजुराचा रोज बुडतो. जामीनदार उभा करायला सातबारा लागतो, आणि अनेकदा वादातली जमीनच त्या सातबाऱ्यावर असते.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघतात. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशा अटी त्यांत असतात. निर्णय निघाला तरी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची परवानगी लागते. तोपर्यंत खटला चालूच राहतो. खटला प्रलंबित असलेल्या माणसाला पारपत्र कायदा १९६७ नुसार पासपोर्ट नाकारता येतो, तो मिळवायला न्यायालयाची परवानगी आणावी लागते. आखातात किंवा जहाजावर नोकरीला जाणारी मुले ज्या घरांतून निघतात, त्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर हा अडथळा लाठीपेक्षा जास्त काळ पुरतो.