पोटाचं दुखणं, मनाची धास्ती : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

चवथीच्या पंगतीत एखादा जण पातोळ्यांना हात लावत नाही. ‘पोट बरं नाही’ एवढंच सांगून विषय संपवतो. साखळीहून पणजीला बसने येणाऱ्यांत सकाळी मुद्दाम उपाशीपोटी निघणारेही असतात. वाटेत कळ आली तर उतरायचं कुठे, ही धास्ती. तपासण्या नॉर्मल आल्या की घरची माणसं म्हणतात, “उगाच मनाला लावून घेतोस.” अशा त्रासाला बहुधा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात : पोट दुखतं, बिघडतं, तपासणीत मात्र काही सापडत नाही. हे दुखणं पोटाचं की मनाचं, हा वाद जुना आहे.

पोटाचा मनाशी संबंध आहे हे आपल्याकडे कधीच नवीन नव्हतं. चरकसंहितेत अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज आणि शोकज असे दोन आहेत. त्यांवर वातहर उपचारांबरोबर रुग्णाला आनंदी ठेवणं आणि धीर देणं सांगितलं आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाला याचा पुरावा अपघाताने मिळाला. १८२२ मध्ये गोळी लागून अलेक्सिस सेंट मार्टिन याच्या जठराला कायमचं भोक पडलं. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्यातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं; तो रागावला की जठरातला पाचकरस बदलतो, हेही नोंदवलं. पुढे विसाव्या शतकात मात्र गाडी घसरली. फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या मनोकायिक आजारांच्या मांडणीत (१९५०) पेप्टिक अल्सर (जठरातला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व व्रण) जाऊन बसले, आणि रक्त पडणाऱ्या रुग्णाच्या मनातलं द्वंद्व शोधलं जाऊ लागलं. मग १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना अल्सरमागचा जिवाणू सापडला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सरवाले सुटले, दुर्बिणीत ज्यांचं काहीच दिसत नाही, ते आयबीएसवाले ‘सगळं मनाचं’ या खात्यात एकटे उरले.

तिथून त्यांना बाहेर काढणाऱ्या एका धाग्याचं मूळ गोव्यात आहे. कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया या धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ठासून सांगितलं, की संमोहनाची निद्रा संमोहकाच्या शक्तीने येत नाही, ती ज्याला येते त्याच्याच मनातून येते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. पर्यटक फोटो काढून पुढे जातात. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी औषधांना दाद न देणाऱ्या ३० आयबीएस रुग्णांवर संमोहनाची चाचणी केली, आणि गुण आला. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बारा वर्षांच्या पाहणीने वाट दुहेरी असल्याचं दाखवलं : आधी चिंता असलेल्यांना पुढे पोटाचा त्रास होतो, आणि आधी पोटाचा त्रास असलेल्यांना पुढे चिंता व नैराश्य. पोटाच्या अशा आजारांचं निदान ज्यांवरून करतात, त्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय रोम निकषांनी या आजारांना आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधांचे विकार म्हटलं.

बांबोळीत गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) आणि मनोरुग्णालय एकमेकांपासून फार लांब नाहीत. तरी पोटाच्या रुग्णाला ते अंतर कापवत नाही. गोव्यातच मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने ‘मानस’ प्रकल्पात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांना सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत बसवलं होतं. २०१० मध्ये निकाल छापून आले : सरकारी केंद्रांत चिंता-नैराश्याच्या रुग्णांना फायदा झाला, खासगी दवाखान्यांत तेवढा फरक दिसला नाही. पोटाच्या ओपीडीत अशी एक खुर्ची ठेवायला हवी, असं मला वाटतं. पहिली हरकत बहुधा रुग्णच घेईल : “डॉक्टर, मी काय वेडा आहे?”