मिसफायर (जुन्या पेट्रोल इंजिनातील)

सिलिंडरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरल्या क्षणी न पेटणे किंवा अर्धवट जळणे. इंजिन थरथरते, चढावर गाडी ओढत नाही. गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. पुष्कळ चाललेल्या गाडीत प्रज्वलन, इंधन व यांत्रिक झीज हे तिन्ही दोष एकाच लक्षणामागे असू शकतात, त्यामुळे निदान अवघड होते.

ठिणगीने मिश्रण पेटवणे किमान एत्येन लन्वार यांच्या सुमारे १८६० च्या गॅस इंजिनाइतके जुने आहे. स्पार्क प्लगचे (सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या भागाचे) जनकत्व मात्र वादग्रस्त. काही ठिकाणी एडमंड बर्जर यांचे नाव व १८३९ हे वर्ष आढळते. तथापि त्यांनी पेटंट घेतल्याचा पुरावा नसल्याने हा दावा सहसा ग्राह्य धरत नाहीत. निकोला टेस्ला यांना विद्युत प्रज्वलनाचे पेटंट १८९८ मध्ये मिळाले. मोटारीत टिकणारा प्लग हा निकष लावल्यास बॉशमधील गॉटलोब होनोल्ड यांच्या उच्च व्होल्टेजच्या मॅग्नेटोबरोबर (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्राबरोबर) १९०२ च्या सुमारास आलेल्या प्लगला अग्रक्रम देणे सयुक्तिक वाटते.

प्लगची टोके झिजून गॅप (टोकांमधले अंतर) वाढली की ठिणगीसाठी अधिक व्होल्टेज लागते. मग जुन्या वायरींतून किंवा कॉइलमधून (व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्यातून) करंट बाहेर फुटतो; अंधारात बॉनेट उघडल्यास निळसर ठिणग्या दिसतात. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉइंट-कंडेन्सरच्या (यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या) गाड्यांत जळके पॉइंट आणि पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये धरलेली ओल ही त्यात भर.

काढलेला प्लग पुष्कळ सांगतो. फिकट तपकिरी टोक निरोगी ज्वलनाचे. कोरडी काजळी जादा पेट्रोलची. ओला, तेलकट काळेपणा झिजलेल्या पिस्टन रिंगचा (पिस्टनभोवतीच्या कड्यांचा) किंवा व्हॉल्व्ह सीलचा (झडपेतून तेल झिरपू न देणाऱ्या सीलचा). एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर (सिलिंडर आणि वरच्या झाकणामधल्या पट्टीवर) संशय घ्यावा.

स्वस्त म्हणून आधी प्लग व वायरी बदलाव्यात, असा एक मतप्रवाह आहे. पुष्कळ चाललेल्या इंजिनात मात्र कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आधी मोजणे अधिक पटते, कारण तेल खाणाऱ्या सिलिंडरात नवा प्लग काही दिवस नीट चालतो आणि खरा दोष झाकला जातो. गरम इंजिनात सर्व प्लग काढून, इंधन व प्रज्वलन तोडून, प्लगच्या जागी दाबमापक लावून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात. कमी दाबाच्या सिलिंडरात थोडे इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब बराच वाढला तर रिंग किंवा सिलिंडरची झीज. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास गॅस्केट त्यांच्या मधोमध फुटल्याची शक्यता अधिक.

ओबीडी-२ (गाडीतील दोष स्वतः नोंदवणारी प्रणाली) असलेल्या गाडीत संगणक क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून मिसफायर ओळखतो. अमेरिकेत ही प्रणाली १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. भारतात ती बरीच नंतर आली. पी०३०० हा कोड अनेक सिलिंडरांतील किंवा अनियमित मिसफायरचा, पी०३०१ पहिल्या सिलिंडरचा. कोड सिलिंडर दाखवतो, कारण नव्हे. दोन सिलिंडरांच्या कॉइलची अदलाबदल केल्यावर कोडही सरकला, तर कॉइल दोषी. चालू इंजिनात प्लगची वायर उपटून पाहण्याची जुनी रीत येथे टाळावी. कॉइल जळू शकते. त्याऐवजी इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढतात: तो काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर निकामी.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असल्यास गाडी पुढे दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) पेटून तो आतून वितळतो.