खारं पाणी पिणारे पक्षी

अलास्काच्या क्रूझवर हल्ली मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. अमेरिकेत नोकरी करणारी मुलं उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात आणि सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरहून सगळं कुटुंब जहाजात बसतं. डेकवर बहुतेकांचं लक्ष देवमाशांकडे आणि हिमनद्यांकडे असतं. माझं मात्र पक्ष्यांकडे. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जहाज शिरलं की साउथ मार्बल बेटाजवळ नारिंगी चोचीचे तुरेवाले पफिन दिसतात, पुढे मार्जरी हिमनदीच्या आसपास किटिवेक कुरवांचे थवे असतात. आम्ही दुर्बिणीतून हे पाहत असताना भाचीनं विचारलं, “मामा, हे पक्षी पाणी कुठलं पितात?” शेजारच्या एका काकांनी लगेच सांगितलं, “बर्फ वितळतोय ना एवढा, ते गोडं पाणी पितात.”

उत्तर पटण्यासारखं आहे. वितळलेलं पाणी हलकं असल्यामुळे अशा खाड्यांमध्ये ते खाऱ्या पाण्यावर तरंगतंही. पण तेवढ्यानं भागत नाही. खाडीबाहेर, अलास्काच्या आखातात, काळपट शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी दिसतात. ते न्यूझीलंडकडे अंडी घालतात आणि वर्षभरात सुमारे 64 हजार किलोमीटरचा फेरा मारतात. प्रशांत महासागराच्या मधोमध त्यांच्यासाठी कुठली हिमनदी असणार? ते समुद्राचंच पाणी पितात.

आपण ते पिऊ शकत नाही, याचं कारण साध्या हिशेबात आहे. समुद्राच्या 1 लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकण्यासाठी आपल्या मूत्रपिंडांना सुमारे 1350 मिलीलिटर मूत्र तयार करावं लागतं, म्हणजे प्यायलो त्यापेक्षा 350 मिली जास्तच गेलं. पक्ष्यांची मूत्रपिंडं तर या कामात आपल्याहूनही कच्ची. मग मीठ जातं कुठून?

याचं उत्तर क्नुट श्मिट-निल्सन या नॉर्वेत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं 1950 च्या दशकाच्या अखेरीस पाणकावळ्यांवर प्रयोग करून शोधलं. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत, समुद्रपक्ष्यांना एक ग्रंथी असते, तिला लवणग्रंथी म्हणतात. ती शरीररचनाशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती, पण नाकात शिरलेलं समुद्राचं पाणी धुऊन काढणं हे तिचं काम असावं असा समज होता. प्रत्यक्षात ती रक्तातलं मीठ काढते. एका प्रयोगात 1420 ग्रॅम वजनाच्या, काळ्या पाठीच्या कुरवाला 134 मिली समुद्राचं पाणी पाजलं, त्याच्या वजनाच्या जवळपास दहावा हिस्सा. तीन तासांच्या आत जवळपास सगळं मीठ बाहेर पडलं आणि त्यातलं 90 टक्क्यांहून जास्त सोडियम नाकावाटे गेलं.

ग्रंथीतून येणारा द्रव साधारण 5 टक्के खारट असतो, समुद्र साडेतीन टक्के. म्हणजे 35 ग्रॅम मीठ काढायला 700 मिली पाणी पुरतं, 300 मिली पक्ष्याकडे उरतं. समुद्रातून काढलेलं गोडं पाणी!

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ग्रंथीत बारीक नलिका असतात. नलिकेच्या भिंतीतल्या पेशीची एक बाजू रक्ताकडे, दुसरी नलिकेच्या पोकळीकडे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड या भारित कणांची (आयनांची) जोडी. पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप असतात, म्हणजे हे आयन पेशीच्या आत-बाहेर ढकलणारी प्रथिनं. सोडियम नलिकेत टाकायचं आहे, तर पंप त्या बाजूला हवेत असं कुणालाही वाटेल. पण ते असतात रक्ताच्या बाजूला आणि सोडियम ढकलतात तेही रक्ताकडेच! प्रत्येक फेरीत 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमची टंचाई होते आणि बाहेरचं सोडियम आत घुसू पाहतं. त्याला दार एकच मिळतं: एक प्रथिन, जे 1 सोडियमबरोबर 1 पोटॅशियम आणि 2 क्लोराइड आयन घेतल्याशिवाय आत सोडत नाही. पंप आत आलेलं सोडियम पुन्हा बाहेर फेकतो, क्लोराइड मात्र साचत जातं. ते पलीकडच्या बाजूच्या छिद्रांतून नलिकेत उतरतं. क्लोराइडवर ऋण भार असल्यामुळे धन भाराचं सोडियम त्याच्या ओढीनं दोन पेशींच्या फटीतून नलिकेत जातं. पंपानं ज्याला हातही लावला नाही ते क्लोराइड आधी गेलं, आणि त्यामागून सोडियम.

हे सगळं ऊर्जा खातं, म्हणून ग्रंथी गरजेपुरतीच चालते. रक्तात मीठ वाढलं की मज्जातंतूंकडून तिला इशारा मिळतो. गोड्या पाण्यावर वाढलेल्या बदकांना खारं पाणी द्यायला लागलं की त्यांची ग्रंथी काही दिवसांत मोठी होते.

तिचं काम दुर्बिणीतून दिसतं. कुरवाच्या नाकपुडीतून निघालेला थेंब चोचीच्या टोकाशी येतो आणि पक्षी मान झटकतो. पाणकावळ्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, त्यामुळे त्याचा द्रव तोंडातून चोचीच्या टोकाकडे येतो.

समुद्राचं पाणी ‘नैसर्गिक खनिजांचं टॉनिक’ म्हणून प्यायला सांगणाऱ्यांनी वरचा 1350 मिलीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आपल्याकडे ही ग्रंथी नाही.

कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवी अंडी घालते तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि पिल्लांना सोडून जाताना आई रडते असं सांगितलं जातं. ते पाणीही लवणग्रंथीचंच. ते समुद्रातही वाहत असतं, फक्त तिथे आपल्याला दिसत नाही. कासवात ही ग्रंथी डोळ्याजवळच्या अश्रुग्रंथीपासून घडली, पक्ष्यात नाकाच्या ग्रंथीपासून, आणि समुद्री सापात ती जिभेखाली असते.