तीन किलोवॅट म्हणजे रोज किती युनिट?

सोलर बसवायचं ठरलं की घरात दोन कागद शेजारी येतात. एक महिन्याचं वीजबिल, त्यावर ‘240 युनिट’. दुसरं विक्रेत्याचं कोटेशन, त्यावर ‘3 किलोवॅट’. या दोन आकड्यांचा मेळ स्वतःला घालता आला नाही, तर समोरचा सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. लाख-दीड लाखाच्या खरेदीत ते बरं नाही. शिवाय हिशोब चौथीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे.

किलोवॅट हा वेग आहे, युनिट म्हणजे त्या वेगाने कापलेलं अंतर. ताशी 60 किलोमीटरने धावणारी एसटी किती लांब गेली, हे ती किती वेळ धावली ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. 2 किलोवॅटचा गिझर पाव तास चालला की अर्धं युनिट होतं. 10 वॅटचा वायफायचा डबा दिवसरात्र चालू राहिला तर पाव युनिटाच्या आसपास जातो. गिझर दोनशेपट ताकदीचा, पण दिवसाच्या हिशोबात फरक जेमतेम दुपटीचा. वेळ मध्ये आला की असं होतं.

बरेच जण ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणतात. तिथेच गाडी रुळावरून घसरते. युनिट म्हणजे किलोवॅट-तास. त्यात गुणाकार आहे, भागाकार नाही. ‘दर सेकंदाला’ हे वॅटच्या पोटातच आहे, कारण एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. म्हणून 1,000 वॅट गुणिले 3,600 सेकंद, म्हणजे 36 लाख ज्यूल: हे झालं एक युनिट.

आता गच्चीवर जाऊ. 3 किलोवॅटचे पॅनेल चोवीस तासांत 72 युनिट देत नाहीत. रात्र आहे, सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं आहेत, पावसाळ्यातलं झाकोळलेलं आकाश आहे. महाराष्ट्रात वर्षभराची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात. म्हणजे 3 किलोवॅटला 12. वरच्या बिलाचे 240 भागिले 30, रोजचे 8 युनिट. त्याला 4 ने भागा. 2 किलोवॅट पुरतात. फक्त हिशोब एका महिन्यावर करू नका. मे महिन्यातला एसी आणि डिसेंबरातला बंद पंखा दोन्ही धरायला हवेत, म्हणून वर्षभराची बिलं काढून बसा.

पॅनेलवरचा 540 वॅटचा आकडाही प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला 1,000 वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान 25 अंश. विदर्भातल्या मे महिन्यात सेल सहज 65 अंशांवर जातो. सिलिकॉनच्या या सेलची ताकद दर अंशामागे सुमारे 0.35 टक्क्याने घटते, म्हणजे 40 अंशांना 14 टक्के. पॅनेलला हवा असतो उजेड, उष्णता नव्हे. म्हणून ते गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उचलून बसवावेत. हा मुद्दा मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

पॅनेलच्या मागच्या पट्टीवर व्होल्ट आणि अँपिअर दिसतील. साधारण 41 व्होल्ट आणि 13 अँपिअर यांचा गुणाकार केला की ते 540 वॅट जवळपास जुळतात. पॅनेल एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढत जातात. दहा पॅनेलच्या माळेत 400 च्या वर. हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह आहे आणि ऊन असेपर्यंत तो चालूच असतो, त्यामुळे त्या वायरींना कुणी सहज हात लावू नये.

बॅटरीवर मात्र युनिट लिहिलेलं नसतं, ‘150 एएच’, म्हणजे अँपिअर-तास, असं असतं. त्याला 12 व्होल्टने गुणा: 1,800 वॅट-तास, म्हणजे 1.8 युनिट. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी साधारण निम्मीच धरावी. आणि बॅटरी नसलेलं, थेट ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेलं सोलर असेल, तर भर दुपारी ऊन असूनही लाइट गेली की तेही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.